बुसियाच्या नाक्यावर : मोबाइल, व्यापार आणि विश्वास

मागच्या वेळी आपण विश्वास या कल्पनेबद्दल बोललो. त्यानंतर एका श्रोत्यांनी मला कळवलं, "सर, विश्वासाचं तत्त्वज्ञान समजलं, पण आता एखादं उदाहरण घ्या, नुसतं हवेत नको." तक्रार रास्त आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हवेत राहायची सवय असते. म्हणून आज जमिनीवर, अगदी एका नाक्यावर उभं राहून बोलू या.

तो नाका आहे पूर्व आफ्रिकेत. गावाचं नाव बुसिया. एकच नाव, पण गावं दोन : एक केनियातलं, एक युगांडातलं. मधून सीमा जाते. अलीकडे-पलीकडे एकाच भाषेची, एकाच नात्यागोत्याची माणसं. आत्या तिकडे, भाची इकडे. ही सीमा त्यांनी मागितलेली नव्हती. इंग्रजांनी १९०२ साली युगांडाचा पूर्वेकडचा बराच मुलूख उचलून केनियाच्या बाजूला जोडला, तेव्हापासून ती रेघ साधारण तिथं आहे. दोन्ही बाजू इंग्रजांच्याच होत्या तोवर रेघेला फार अर्थ नव्हता. स्वातंत्र्य आलं आणि रेघेला पोलीस आले, कस्टम आलं, दोन नाणी आली.

मी स्वतः हा रस्ता २०१३ साली पाहिला. कंपालाला एका परिसंवादाला गेलो होतो आणि परत येताना हौस म्हणून बसने नैरोबीला निघालो. सीमेवर बस थांबली. उतरा, युगांडाच्या खिडकीवर रांग लावा, शिक्का घ्या, मग चालत पलीकडे जा, केनियाच्या खिडकीवर पुन्हा रांग, पुन्हा शिक्का. आम्ही दीड-दोन तासांत सुटलो. पण रस्त्याच्या कडेला ट्रकची जी रांग होती तिचं शेवटचं टोक काही मला दिसलं नाही. ट्रकखाली सावलीत ड्रायव्हर चटई टाकून झोपलेले, कुणी चूल मांडलेली. ज्यांनी जकातीच्या काळात दहिसर किंवा मुलुंडचा नाका पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की आपल्याकडे रात्र जायची, तिथं दिवस जायचे.

आता हे दिवस का जायचे, ते नीट समजून घेऊ, कारण उरलेलं सगळं त्यावर उभं आहे.

युगांडाला समुद्र नाही. रवांडालाही नाही. युगांडाचा बहुतेक माल मोंबासा बंदरात उतरतो आणि तिथून केनियाची रुंदी ओलांडून येतो. मोंबासा ते कंपाला हे अंतर साडेअकराशे किलोमीटरच्या वर आहे. समजा कंपालाच्या व्यापाऱ्याचे फ्रिज मोंबाशात उतरले. केनिया म्हणते, हा माल माझ्याकडे विकायचा नाही, नुसता जायचा आहे, म्हणून मी कर घेत नाही. पण तो वाटेतच नैरोबीत कुणी विकला तर? तर केनियाचा कर बुडाला. म्हणजे केनियाला हमी हवी. मग तारण ठेवा, कागद करा, कधी बरोबर पहारा पाठवा. सीमेवर केनिया तपासणार : माल निघाला का? दोनशे पावलांवर युगांडा तपासणार : माल आला का? आणि कर कुठे भरायचा, तर तिथंच. म्हणजे जो हिशेब जहाज लागलं त्या दिवशी होऊ शकला असता तो हजार किलोमीटर ट्रक चालवल्यावर, धुळीत, एका खिडकीवर व्हायचा.

हे कागद का? कारण दोन राज्यांचा एकमेकांवर विश्वास नाही. कस्टमचा कागद म्हणजे अविश्वासाची पावती असते. हे मी टिंगल म्हणून बोलत नाही. अविश्वासाला कारण होतं : माल खरंच वाटेत विकला जात होता.

२०१४ पासून त्यांनी काय केलं? पूर्व आफ्रिकी समुदायाने 'एकल सीमाशुल्क क्षेत्र' सुरू केलं. युगांडाचे कस्टम अधिकारी मोंबाशातच येऊन बसले. व्यापाऱ्याने कंपालात बसून संगणकावर माहिती भरायची, कर युगांडाला आधी भरायचा, मग मोंबाशातून माल सोडायचा. केनियाच्या महसूल खात्याचा संगणक आणि युगांडाच्या खात्याचा संगणक एकमेकांशी बोलू लागले. आणि वाटेत माल विकला जाऊ नये म्हणून कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लावायला लागले. हे सील म्हणजे कुलूपही आणि खबऱ्याही. ते आपण कुठे आहोत हे सतत कळवत राहतं. ट्रक ठरलेला रस्ता सोडून वळला किंवा सील कुणी उघडलं की नियंत्रण कक्षात इशारा जातो. २०१७ पासून केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांची ही नजर एकत्र झाली, एकाच ट्रककडे तिघं बघतात.

मग बुसियालाच दोन खिडक्यांची एक इमारत केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी तिचं उद्घाटन केलं. आता तुम्ही ज्या देशातून निघता तिथं थांबतच नाही. ज्या देशात शिरता तिथं एकदा थांबायचं आणि दोन्ही देशांचे अधिकारी शेजारी-शेजारी बसलेले. एक काम संपवतो, दुसऱ्याकडे सरकवतो. ऐकायला किती साधं! पण यासाठी कायदा बदलावा लागला, कारण केनियाचा अधिकारी युगांडाच्या भूमीवर बसून केनियाचा कायदा चालवतो. सार्वभौमत्व म्हणजे काय यावर आम्ही वर्गात आठ-आठ तास घालवायचो, आणि या लोकांनी एका टेबलाच्या रुंदीत ते सोडवलं. असो.

इथं थांबून एक गोष्ट सांगतो. हा रस्ता ज्या रेल्वेच्या कडेकडेने जातो, ती रेल्वे मोंबाशापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली आणि ती बांधायला हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेले होते. पुढे त्या मुलखातल्या सरकारी कचेऱ्यांत, कस्टममध्ये, टपालात कारकून म्हणून गोव्याची माणसं बसली. १९२० पर्यंत तिथं चलनसुद्धा आपला रुपया होता. म्हणून स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका' म्हणतात, चेकला 'हुंडी' म्हणतात आणि पैशाला म्हणतात 'पेसा'. हे तीन शब्द लक्षात ठेवा, विशेषतः हुंडी. पुढे लागणार आहे.

आता ट्रक सोडा. ट्रक मोठ्यांचे. त्या नाक्यावर ट्रकपेक्षा संख्येने जास्त कोण असतं? डोक्यावर घमेलं, पाठीवर मूल, सायकलवर पोतं. युगांडातून केनियात मका, घेवडा, अंडी, मासळी, केळी जातात. तिकडून साबण, तेल, प्लास्टिकची भांडी येतात. हा व्यापार करणाऱ्या बहुसंख्य बायका. सरकारी आकड्यांत हा व्यापार बराच काळ नव्हताच. युगांडाच्या सांख्यिकी विभागाने शेवटी काय केलं, तर सीमेवर माणसं बसवून मोजायला लावलं : किती पोती गेली, किती अंडी आली. मोजल्यावर लक्षात आलं की ही रक्कम काही किरकोळ नाही.

या बाईसाठी कायद्यात सोय आहे. पूर्व आफ्रिकी समुदायात २,००० डॉलरपर्यंतचा माल, तो त्याच प्रदेशात पिकलेला किंवा बनलेला असेल तर सीमेवरच एक साधा दाखला घेऊन आयात-शुल्काशिवाय नेता येतो. पण ही सोय तिला माहीत नसते. तिला माहीत असतं ते एवढंच, की खाकीतला माणूस अडवतो आणि काहीतरी मागतो. म्हणून ती सरळ नाक्यावरून जात नाही. शेतातून, ओढ्यातून जाते. त्या वाटांना तिथं 'पान्या' वाटा म्हणतात. पान्या म्हणजे उंदीर. उंदरांच्या वाटा. विचार करा, जिला कायद्याने हक्क दिलाय ती बाई उंदराच्या वाटेने जाते, आणि त्या वाटेवर तिला लुटलं, हात लावला, तर ती तक्रार कुणाकडे करणार? तक्रार केली की आधी तीच गुन्हेगार ठरणार.

इथं डिजिटल म्हणजे काय? भारी फोन नव्हे, साधा बटणांचा फोन. 'साउती' नावाची एक सेवा आहे, स्वाहिलीत त्याचा अर्थ आवाज. आपल्याकडे *९९# दाबून बँकेची शिल्लक बघता येते ना, इंटरनेटशिवाय, तसंच हे. आकडे दाबायचे, यादी येते : आज पलीकडच्या बाजारात घेवड्याचा भाव काय, शिलिंगचा दर काय, कोणत्या मालाला कोणता दाखला लागतो. ज्ञान ही सत्ता आहे वगैरे मोठी वाक्यं आपण ऐकलेली असतात. इथं ज्ञान म्हणजे नाक्यावरच्या माणसाला "दाखला द्या, शुल्क लागत नाही" असं म्हणता येणं. पण ती हे म्हणेल तेव्हा तो माणूस ऐकेल का, हे फोन सांगू शकत नाही.

आता पैशाकडे येऊ. मला स्वतःला हा सगळ्यात रोचक भाग वाटतो, तेव्हा जरा सावकाश जाऊ.

मार्च २००७ मध्ये केनियात सफारीकॉम कंपनीने एम-पेसा सुरू केलं. म्हणजे मोबाइल-पैसा. गंमत अशी की आधी चाचणी घेतली ती लोकांनी लहान कर्जाचे हप्ते फेडावेत यासाठी. लोकांनी हप्ते बाजूला ठेवले आणि एकमेकांना पैसे पाठवायला लागले. शहरातला मुलगा गावाकडच्या आईला. कंपनी शहाणी, तिने लोकांचं ऐकलं. हे चालतं कसं? कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तुम्ही रोख द्यायची, तो तुमच्या फोनमध्ये तेवढा आकडा टाकतो. तुम्ही आकडा आईला पाठवता. आई तिच्या गावच्या दुकानदाराला आकडा देते, तो रोख देतो. आणि जेवढे आकडे फोनांत फिरतात तेवढी खरी रक्कम बँकेत विश्वस्त खात्यात पडून असते. बँकेचं खातं नसलेल्या माणसाला पहिल्यांदा पैसा ठेवायला उशीव्यतिरिक्त जागा मिळाली.

पण सीमेवर हा आकडा अडतो. केनियाचा शिलिंग वेगळा, युगांडाचा वेगळा. एका केनियन शिलिंगला युगांडाचे साधारण पंचवीस-तीस मिळतात. कंपन्या वेगळ्या, रिझर्व्ह बँका वेगळ्या. मग बुसियाच्या लोकांनी काय केलं? दोन सिम घेतली. आणि रस्त्याच्या कडेला बसणारे जे सराफ, नोटा बदलून देणारे, त्यांनीही दोन सिम घेतली.

समजा, एक बाई युगांडातून घेवडा घेऊन आली. केनियातल्या गिऱ्हाइकाने सराफाच्या केनियन नंबरवर पैसे टाकले. सराफाने लगेच आपल्या युगांडाच्या नंबरवरून तिच्या युगांडाच्या नंबरवर तिकडचे शिलिंग पाठवले. आपलं दलालीचं काढून घेतलं. बाईच्या कनवटीला काही नाही, म्हणून वाटेत कुणी लुटणार नाही. आता मला सांगा, सीमा ओलांडली कुणी? पैशाने? नाही. केनियाचा पैसा केनियातच राहिला, युगांडाचा युगांडातच. दुपारी दुसरा कुणी युगांडाचा दुकानदार साबण घ्यायला आला की बरोबर उलटा व्यवहार होतो. संध्याकाळी सराफाच्या दोन्ही सिमची शिल्लक जवळपास होती तिथं येते. जो थोडा फरक उरतो तेवढाच खरा हलवावा लागतो.

ही हुंडी आहे! दुसरं काही नाही. सुरतेचा सावकार पुण्याच्या पेढीवर हुंडी लिहायचा तेव्हा रुपये घाटातून येत नव्हते, दोन पेढ्यांच्या वह्यांत खाडाखोड व्हायची. शब्द स्वाहिलीत जाऊन चेक झाला आणि रीत फोनमधून परत आली. म्हणून कुणी मला "डिजिटल क्रांती" म्हटलं की मी विचारतो, यात नवं नेमकं काय? वजावट जुनी आहे. नवं आहे ते हे, की हुंडीमागे घराण्याची पत असायची, माणूस ओळखीचा लागायचा. इथं बाई सराफाला ओळखत असेल, पण आकड्याला ओळखत नाही. तिचा विश्वास त्या यंत्रणेवर आहे. जर्मन विचारवंत गेओर्ग झिमेल यांनी १९०० साली पैशाच्या तत्त्वज्ञानावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नाणं घेताना आपण धातूवर विश्वास ठेवत नाही, समाजावर ठेवतो : उद्या दुसरा कुणी हे माझ्याकडून घेईल, यावर.

मग प्रश्न येतो, तो समाज कुणाच्या हातात आहे? फेब्रुवारी २०१६ मध्ये युगांडात निवडणूक होती. मतदानाच्या दिवशी सरकारने समाजमाध्यमं बंद केली आणि त्याबरोबर मोबाइल-पैसाही बंद केला. काही दिवस. आता त्या घेवडेवालीचा राजकारणाशी काय संबंध? तिचे पैसे फोनमध्ये, आणि फोन म्हणतो सेवा उपलब्ध नाही. उशीखालच्या नोटा दुरून, एका हुकमाने बंद करता येत नव्हत्या. पुढे २०१८ मध्ये त्याच सरकारने मोबाइल-पैशाच्या व्यवहारांवर एक टक्का कर बसवला. ओरड झाली, मग तो पैसे काढण्यापुरता अर्धा टक्का केला. एक टक्का तुम्हाला-मला काहीच वाटणार नाही. पण जिचा नफाच शेकड्याला चार-पाच आहे तिच्यासाठी तो नफ्याचा चौथा-पाचवा हिस्सा झाला.

आणि राज्यांचं आपसात बिनसलं तर? फेब्रुवारी २०१९ मध्ये रवांडाने युगांडाच्या बाजूचा गातुना नाका बंद केला. सगळे संगणक होते, सील होती, एकत्र नजर होती. नाका जवळपास तीन वर्षं बंद राहिला, जानेवारी २०२२ अखेर उघडला. मार्च २०२१ मध्ये केनियाने युगांडा आणि टांझानियाच्या मक्यावर बुरशीच्या विषाचं, अफ्लाटॉक्सिनचं कारण सांगून बंदी घातली. चारसहा दिवसांत अटी घालून उठवली. विष खोटं होतं असं मी म्हणत नाही, ते गंभीर आहे, त्याने माणसं मेलेली आहेत. पण उठवताना ज्या अटी आल्या, आयातदाराची नोंदणी, प्रयोगशाळेचा दाखला, त्या मोठ्या व्यापाऱ्याला जमतात. दोन पोती मका नेणारी बाई प्रयोगशाळा कुठून आणणार? ती पुन्हा उंदराच्या वाटेवर.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. ही यंत्रणा ट्रकसाठी फार चांगली चालली आणि घमेल्यासाठी अर्धवट. कारण ट्रकच्या बाबतीत दोन्ही राज्यांचा कर अडकलेला होता, तेव्हा दोघांनी मिळून कायदा बदलला, माणसं हलवली आणि मग संगणक आणला. घमेल्याच्या बाबतीत कायदा कागदावर ठेवला आणि नुसता फोन पुढे केला. २०२० च्या साथीत हे उघडं पडलं. ट्रक ड्रायव्हरच्या तपासणीचे निकाल मोबाइलवरून सगळ्या देशांना दिसतील अशी सोय त्यांनी काही महिन्यांत उभी केली. पायी जाणाऱ्यांसाठी मात्र सीमा बंदच राहिली. बायकांना आपला माल ट्रकवाल्यांमार्फत पाठवावा लागला, आणि भाव ठरवायला त्या स्वतः बाजारात नव्हत्या.

आता वरच्या मजल्यावर काय चाललंय ते थोडक्यात. आफ्रिकेतल्या देशांचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या साधारण पंधरा टक्के आहे, म्हणजे फार कमी. १ जानेवारी २०२१ पासून खंडभराचं मुक्त व्यापार क्षेत्र कागदोपत्री सुरू झालं. आणि जानेवारी २०२२ मध्ये घानातल्या आक्रा शहरात 'पॅप्स' ही अखिल आफ्रिकी देयक यंत्रणा सुरू झाली. आजवर नायजेरियाच्या माणसाला घानाच्या माणसाला पैसे द्यायचे तर आधी डॉलर घ्यायचे, ते बऱ्याचदा न्यूयॉर्क-लंडनच्या बँकांतून फिरून यायचे. शेजारच्या घरी वाटीभर साखर द्यायला मुंबईहून कुरियर करावं तसं. पॅप्समध्ये हा नायरा देतो, त्याला सेडी मिळतात, आणि दिवसअखेर रिझर्व्ह बँका आपसात वजावट करतात, उरलेला फरक तेवढा डॉलरमध्ये. ओळखलंत ना? बुसियाचा सराफच तो, फक्त सुटाबुटात. त्याच्यामागे आफ्रिकी निर्यात-आयात बँक हमीला उभी आहे, कारण दोन सिमची शिल्लक संध्याकाळी जुळली नाही तर कुणीतरी फरक सोसावा लागतो. एक देश सतत घेणारा आणि दुसरा सतत देणारा असेल तर काय, हा त्या यंत्रणेचा खरा अवघड प्रश्न. तो सॉफ्टवेअरने सुटत नाही.

शेवटी एक प्रश्न घेतो, इथं चिठ्ठी आली आहे. "सर, आपलं यूपीआय तिकडे का नेत नाहीत?" नेतायत की. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते सिंगापूरच्या यंत्रणेला जोडलं गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉरिशसला सुरू झालं, जिथं आपली मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नामिबियाने तसलीच स्वतःची यंत्रणा उभी करायला २०२४ मध्ये आपल्याशी करार केला. पण नीट बघा, नामिबियाने यूपीआय घेतलं नाही, तसलं स्वतःचं बांधायला मदत घेतली. वही आपल्या घरात राहावी असं त्यांना वाटलं. बुसियातल्या बाईला मात्र यातलं काही नको आहे. तिच्याकडे पलीकडचं ओळखपत्र नाही, त्यामुळे तिकडचं सिम तिला स्वतःच्या नावावर सहज मिळत नाही. पैसे अडकले तर कंपनीच्या कचेरीत ती "हे माझे" म्हणू शकत नाही. तिला हवं आहे ते एवढंच, की एकाच सिमवर, तिच्याच नावाने, दोन्हीकडचे पैसे यावेत. केनिया आणि टांझानियामध्ये २०१५ पासून फोनवरून सीमापार पैसे पाठवता येतात, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या अशक्य काही नाही. दर आणि दलाली उतरवणं हे कंपन्यांच्या आणि दोन रिझर्व्ह बँकांच्या हातात आहे. तोवर ती सराफाकडेच जाईल, कारण तो तिला चेहऱ्याने ओळखतो आणि शंभर-दोनशे शिलिंग उधारही देतो.

पुढच्या वेळी ओळखपत्र आणि ओळख यांवर बोलू.